तापीच्या पात्रात भेटलेला ब्रदर बेंतो



सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गातली आठ मुलं घेऊन मी बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर गेलो. मुलं इथलीच, पण आपलं गाव पाण्यातून कुणीच पाहिलेलं नव्हतं. नावाडीकाकांनी दोन खेपा करण्याचं कबूल केलं आणि होडी सुटली.

पाण्यातून शाही किल्ल्याच्या भिंती फार उंच वाटतात. नासिरखान फारुकीने 1399 च्या सुमारास सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने हे शहर वसवलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे झैनुद्दीन यांच्या नावाचं. पात्रात एक दगडी हत्ती होता. 1610 च्या सुमारास इथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की तो इतका हुबेहूब होता, की पाणी प्यायला आलेल्या खऱ्या हत्तीने त्याला धडक देऊन स्वतःचेच सुळे मोडून घेतले. यावर मुलं खूप हसली. काकांचा आवडता विषय मात्र मुमताज. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात ती इथेच गेली. पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला सहा महिने पुरलं होतं, मग आग्र्याला नेलं. काकांनी हे असं सांगितलं की जणू परवाचीच गोष्ट.

तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, यात आपलं कोणीच नाही का?”

शाळेत या लेकरांना कुणीतरी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून होडीतच धडा सुरू केला.

1600 साली अकबर बादशहा दख्खनच्या स्वारीवर बुऱ्हाणपुरात आला. शहर लगेच पडलं, पण उत्तरेकडचा असीरगड बहादूरखान फारुकीने धरून ठेवला. बादशहाच्या छावणीत दोन येशूसंघीय होते : फादर जेरोम झेवियर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले, आणि ब्रदर बेंतो द गोइश. गड पडेना, तेव्हा अकबराने फादरना सांगितलं, की चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहून तोफा आणि दारूगोळा मागवा. फादरांनी नकार दिला. हे आमच्या धर्माला धरून नाही, म्हणाले. बादशहा संतापला आणि त्याने त्यांना दरबारातून निघून जायला सांगितलं. पुढे राग निवळला.

इथे मुलांपासून एक गोष्ट मी लपवली नाही. पोर्तुगीजांचा फारुकींशी तह होता, त्यामुळे नकारामागे राजकारणही असावं असं इतिहासकार म्हणतात. मलाही ते पटतं. पण ज्याच्या छावणीचं अन्न खातो, त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायला छाती लागतेच.

जानेवारी 1601 मध्ये गड पडला. अबुल फज्ल रोगराईचं कारण देतो. येशूसंघीयांच्या पत्रांवरून लिहिलेला वृत्तांत फितुरीचं. गडाच्या बंदोबस्ताला सात पोर्तुगीजही होते. फादरांनी त्यांच्यासाठी बादशहाकडे रदबदली केली, आणि त्याने ते त्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी अकबराचा वकील गोव्याला निघाला, तेव्हा ब्रदर बेंतो सोबत गेले आणि सुटका झालेल्या बंदिवानांना घेऊन गेले.

बेंतो यांना गुरुदीक्षा नव्हती. ते मिस्सा अर्पण करत नसत, पापनिवेदन ऐकत नसत. पूर्वी ते सैन्यात होते. आम्हा धर्मशिक्षकांना हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळेच. पुढे वरिष्ठांनी त्यांना ‘कथाय’ नावाचा देश शोधायला पाठवलं. लाहोर, काबूल, पामीर ओलांडत, व्यापाऱ्याच्या वेशात ते चीनच्या सीमेवर पोहोचले. तो देश म्हणजेच चीन, हे त्यांच्या या प्रवासाने सिद्ध झालं. 1607 साली सूजौ गावी त्यांचं देहावसान झालं.

“मग ते याच नदीतून गेले का?” मुलीने विचारलं.

“याच काठावरून निघाले,” मी म्हणालो. ती बराच वेळ पाण्यात हात घालून बसली.

होडी घाटाला लागली. दुसऱ्या खेपेची मंडळी वाट पाहत होती. दोर बांधता बांधता काका म्हणाले, “मास्तर, त्या ब्रदरचं नाव पुन्हा एकदा सांगा. पुढच्या फेरीत मुमताजनंतर सांगतो.”