वसतिगृहाचे अधीक्षक : एक न लिहिलेला इतिहास



आपल्या धनज येथील विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, तिच्यात काहीतरी लिहाच, असा निरोप कमिटीने पाठविला. आम्ही काही लेखक नव्हे. बारावी नापास माणूस. पुढचे सारे शिक्षण कापड गिरणीच्या सूतखात्यात आणि रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

विषय मात्र आम्ही मुद्दाम निवडला आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतला एक पोरगा विहाराच्या ओट्यावर चार रात्री झोपला, हे सर्वांना ठाऊक आहे. आई-बाप दोन्ही नाहीत. अठरा पूर्ण झाली म्हणून संस्थेतून बाहेर पडला आणि जाणार कुठे, म्हणून गावी आला. त्याच्यावरून विहारामागच्या दोन खोल्या नीट करून अशा मुलांना वर्ष-दोन वर्षे आधार द्यावा, असे ठरत आहे. विचार उत्तम आहे. पण बैठकीत टिनपत्रे, फरशी आणि पाण्याची टाकी यावर दोन तास बोलणे झाले. तिथे पोरांसोबत राहणार कोण, त्यांना सांभाळणार कोण, यावर पाच मिनिटेही बोलणे झाले नाही. आमचे म्हणणे असे की, आपल्या चळवळीचा इतिहास पाहिला तर वसतिगृह भिंतींनी चालत नाही, ते अधीक्षकाने चालते. संस्थापकांची नावे आपण फलकावर लिहितो, अधीक्षकाचे नाव कोणी लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी आमचीच गोष्ट थोडक्यात सांगतो. आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. शहरातल्या एका वसतिगृहात राहून शिकत होतो. बारावीत नापास झालो आणि यादीतून नाव गेले. संध्याकाळच्या आत खोली रिकामी करा, असे सांगण्यात आले. नियम होता, त्यात खोटे काही नव्हते. पण पत्र्याची पेटी घेऊन हा मुलगा आज रात्री कुठे जाईल, हे विचारण्याचा नियम नव्हता. आम्ही फाटकाबाहेर बसून होतो. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने पाहिले आणि म्हणाला, "काऊन रे बापू, जेवला का?" त्याच्या खोलीत आम्ही नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी त्यानेच गिरणीच्या फाटकावर नेऊन बदली कामगारात उभे केले. त्याला सही करता येत नव्हती. पण आमच्या आयुष्याचा खरा अधीक्षक तोच, असे आम्ही आजही मानतो.

आता इतिहासाकडे वळू.

आज विहार म्हटले की आपल्याला वंदनेची जागा आठवते. परंतु मुळात विहार म्हणजे राहण्याची जागा. श्रावस्तीचे जेतवन ज्याने दान दिले त्याला आपण अनाथपिंडिक म्हणून ओळखतो. अनाथपिंडिक म्हणजे अनाथांना अन्न देणारा. दान देणाऱ्याचे हे नाव सर्वांना पाठ आहे. पण विनयपिटकात आणखी एक नाव येते, ते म्हणजे दब्ब मल्लपुत्त. राजगृहाच्या वेळुवनात येणाऱ्या भिक्खूंना राहण्याची जागा नेमून देणे आणि भोजनाची पाळी लावणे, हे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. ते एका स्वभावाच्या, एका अभ्यासाच्या भिक्खूंना एकत्र जागा देत, म्हणजे अभ्यासाला अभ्यास मिळे आणि भांडण होत नसे. काही जण मुद्दाम अवेळी येत, रात्री दूरची जागा मागत. दब्ब कुरकुर न करता पुढे होऊन उजेड दाखवीत, मंचक कुठे, पाणी कुठे, यायचे-जायचे केव्हा, सारे समजावून सांगत. त्यांच्या बोटातून उजेड निघे, असे ग्रंथात आहे. तो चमत्कार बाजूला ठेवला तरी रात्री आलेल्या माणसाला उजेड दाखविणे हा अर्थ उरतोच.

हे काम कोणाला द्यावे याची कसोटीही विनयात सांगितली आहे. जो आवडीने पक्षपात करीत नाही, रागाने करीत नाही, अज्ञानाने करीत नाही, भीतीने करीत नाही, आणि जागा कोणाला दिली व कोणाला दिली नाही हे ज्याला नीट माहीत आहे, अशाला द्यावे. अडीच हजार वर्षांत यापेक्षा चांगली कसोटी आमच्या वाचनात आली नाही. आणि एवढ्या चांगल्या माणसावरही वाईट जागा व वाईट भोजन मिळाल्याच्या रागातून काही भिक्खूंनी खोटा आळ आणविला होता. तथागतांनी चौकशी करविली आणि दब्ब निर्दोष ठरले. म्हणजे अधीक्षकावर आळ येणे हेही जुनेच आहे.

दारावरचा माणूस कसा असावा हे वेळुवनाने दाखविले. तो कसा असू नये हे आपल्या बाबासाहेबांना बडोद्यात भोगावे लागले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना परमपूज्य बाबासाहेब लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासोबत एका खोलीत राहिले. तिथे जात कोणी विचारली नाही. तेच बाबासाहेब १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा २६ वर्षांचे होते, आणि त्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने पारशी नाव नोंदवून दीड रुपया रोजाने ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे विचारले, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांकडेही जागा झाली नाही. मुंबईची गाडी रात्री ९ ची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. एवढा विद्वान, परदेशात शिकलेला तरुण, आणि शहरात निवारा नाही! बेघर तरुण म्हणजे कोण, हे आम्हाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

या दुःखातूनच पुढे वसतिगृहे उभी राहिली असे आम्हाला वाटते. तशी वसतिगृहांची सुरुवात आधी झालेली होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, तेव्हा त्यांच्या भगिनी जनाक्का यांनी मिशनच्या कामाला वाहून घेतले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविले. तिथे लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. पुरुषाच्या नावाने वसतिगृह आणि चुलीपाशी बाई, असेच बहुतेक ठिकाणी होते. अधीक्षकाचे अर्धे काम बायांनीच केले, ही गोष्ट आमच्या माय-भगिनींनी लक्षात ठेवावी.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. सभा निघून वर्षही झाले नव्हते, आणि पहिल्या कामांत वसतिगृह होते! पुढे १९२८ साली दलित वर्ग शिक्षण संस्था निघाली आणि ठिकठिकाणी वसतिगृहे झाली. त्यांपैकी धारवाडचे वसतिगृह १९२९ चे. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. तिथले काम बळवंतराव वराळे पाहत.

माता रमाई काही दिवस धारवाडला वराळेंकडे राहावयास गेल्या होत्या. वसतिगृहाची मुले अंगणात खेळायला येत. एके दिवशी मुले दिसेनात. चौकशी केली तर कळले की अनुदान वेळेवर आले नाही, धान्य संपले, मुले उपाशी आहेत. रमाईने अंगावरचा दागिना काढून वराळेंच्या हाती दिला, असे आपल्या घराघरांत सांगतात. आपण या गोष्टीत रमाईला वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत दुसरा एक माणूस उभा आहे. धान्य संपले म्हणून त्याने मुलांना घरी पिटाळले नाही. उधारी करायची, वरिष्ठांना पत्रे लिहायची, मुलांच्या तोंडाकडे पाहायचे, आणि पाहुणी आलेल्या माउलीला खरे सांगायचे, हे सारे त्याच्या वाट्याला आले होते. पैसा वरून उशिरा येतो आणि भूक वेळेवर लागते. या दोहोंच्या मधे अधीक्षक उभा असतो.

१९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद. बाबासाहेबांनी वराळे यांना तिकडे बोलावून घेतले आणि त्यांनी तिथेही अधीक्षक म्हणून काम केले. एवढी वर्षे पारखलेला माणूस बाबासाहेबांनी इमारतीसोबत नेला, यातले मर्म ओळखले पाहिजे. त्यांचे नातू न्यायमूर्ती प्रसन्न वराळे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. आपल्या वऱ्हाडातूनही कितीतरी मुले मिलिंदला शिकायला गेली, प्राध्यापक झाली, अधिकारी झाली.

वऱ्हाडची मातीही या कामात मागे नव्हती. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना घेतले. आपल्या मूर्तिजापूरच्या परिसरात वाढलेले गाडगेबाबा स्वतः झाडाखाली झोपले, पण लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या संस्थेच्या स्वाधीन केली, कारण आपल्यामागे ती सांभाळणारा माणूस कोण, हा हिशेब त्यांना कळत होता.

आता आजचे पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की बाहेर पडते. त्यानंतर अनुरक्षण म्हणून २१ व्या वर्षापर्यंत, आणि विशेष बाब म्हणून २३ व्या वर्षापर्यंत, आधार देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरते सामूहिक घर आणि त्यांच्या सतत संपर्कात राहणारा समुपदेशक, असे त्यात लिहिले आहे. कागद चांगला आहे, पण तो किती पोरांपर्यंत पोहोचतो, ते आपल्या ओट्यानेच सांगितले. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. तेही मोठे साहाय्य आहे. परंतु पैसा खोलीचे भाडे भरतो, रात्री पोरगा आला की नाही हे पाहत नाही.

परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली अपंग मुले वाढविली, त्यांना आपले नाव दिले. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षे सरकारशी भांडले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिला फाटकाबाहेर काढले असते तर?

म्हणून कमिटीला आमची नम्र सूचना आहे. खोल्यांच्या आधी माणूस ठरवा. तो शिकलेलाच पाहिजे असे नाही, पण त्याने नातेवाइकाला झुकते माप देऊ नये, रागात पोराला घालवू नये, आणि पुढाऱ्याला भिऊ नये. त्याला मानधन द्या, फुकटात कोणाचे कंबरडे मोडू नका. त्याला आठवड्यातून एक सुट्टी द्या, कारण थकलेला माणूस चिडतो आणि त्याचा राग पोरावर निघतो. मुली राहणार असतील तर त्यांच्यासाठी बाईच पाहिजे. तो एकटा पडू नये म्हणून दर रविवारी दोघांनी त्याच्यासोबत बसावे, हिशेब पाहावा, पोरांचेही म्हणणे ऐकावे. आळ आला तर आधी चौकशी, मग निर्णय. दब्ब मल्लपुत्तांच्या वेळी हेच झाले. आणि पोरगा नापास झाला, काम सुटले, तरी जाण्याची दुसरी जागा ठरल्याशिवाय त्याला बाहेर काढायचे नाही, एवढा एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कोणी म्हणेल, सांगणे सोपे आहे. म्हणून पहिल्या वर्षासाठी आम्ही आमचे नाव देतो. गिरणीची पाळी सांभाळून रात्री तिथे झोपू. आमच्या घरून संमती घेतली आहे, उलट घरूनच विचारणा झाली, "चुलीचं काय करता? ते आधी सांगा." आम्ही या कसोटीला उतरत नाही असे समाजाला वाटले तर दुसरा निवडा, आम्हाला राग येणार नाही. पण माणूस निवडा.

तो पोरगा सध्या एका घरी राहतो आहे. पण त्या घरची लेक बाळंतपणाला येणार आहे, मग जागा लागेल. तेव्हा फार उशीर करू नका.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!