शाईची कसोटी

इतिहासाचा अभ्यासक जुना कागद हाती आला की त्याचा पोत पाहतो, लिपीचे वळण पाहतो, शिक्का तपासतो. ज्या रेषेमुळे हा सारा खटाटोप शक्य होतो त्या शाईकडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही. शाई चांगली असेल तर मजकूरच दिसतो, शाई दिसत नाही. ती फिकी पडली, फुटली किंवा तिने कागद जाळला, म्हणजेच तिची आठवण होते. या दुर्लक्षित वस्तूच्या परीक्षेचा थोडा इतिहास येथे सांगण्याचा विचार आहे. शाई चांगली की वाईट हे आजवर कोणी, कशावर आणि कोणत्या हेतूने ठरविले, एवढाच प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तराशी आपल्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्यांचा निकटचा संबंध आहे.

दिल्लीतील मराठी माणसाला तर या विषयाशी वडिलोपार्जित नाते सांगता येईल. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे याच शहरात राहून बादशाही दरबारातील खबरा पुण्याला लिहून पाठवीत. महादेवभट हिंगणे आणि त्यांच्या मुलांचा तो पत्रव्यवहार पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने 'हिंगणे दप्तर' म्हणून प्रसिद्ध केला. वजीर कोणावर रुसला, खजिन्यात किती रक्कम उरली, कोणत्या सरदाराने कोणाची भेट घेतली, असा तो रोजचा कारभारी मजकूर. लिहिणाऱ्यांनी तो भावी पिढ्यांसाठी लिहिला नव्हता. तरीही दोन-अडीच शतकांनंतर तो वाचता आला, याचे निम्मे श्रेय त्या काळच्या शाईला आणि उरलेले कागदाला दिले पाहिजे.

ही शाई म्हणजे मूलतः काजळ. दिव्याच्या ज्योतीवर धरलेले काजळ डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटून ती करीत. काजळ हा शुद्ध कोळसाच असल्यामुळे ऊन, हवा आणि काळ यांचा त्याच्या रंगावर परिणाम होत नाही. उणीव एकच. ही शाई कागदाच्या अंगात शिरत नाही, डिंकाच्या आधाराने पृष्ठभागावर बसून राहते. म्हणून ओल्या बोळ्याने ती पुसता येते. या शाईला अनुरूप असा कागद जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदी तयार करीत; पुण्याच्या कसब्यातील कागदीपुरा आजही त्या व्यवसायाचे नाव सांगतो. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटला जाई. खळ नसती तर बोरूची रेघ टीपकागदावर पडावी तशी पसरली असती. लिहून झाल्यावर वर बारीक वाळू टाकून अक्षर वाळवीत.

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. त्यात देशोदेशींचे बोरू, सुरी, कात्री, खळ, घोटणी अशी लेखकाची सगळी सामग्री येते. भोवती समास सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षरास धक्का लागणार नाही, अशीही सूचना आहे. कागद आधी कोठून मरतो हे जाणणाऱ्याचा हा सल्ला आहे. शाई, लेखणी आणि कागद यांचा एकत्र विचार करावयाचा, ही दृष्टी आपल्याकडे सतराव्या शतकातच होती.

दुसरी शाई लोहाची. मायफळ किंवा हिरडा यांच्या तुरट काढ्यात हिराकस घातले की प्रथम फिकट दिसणारे आणि हवा लागताच काळे पडणारे द्रव्य तयार होते. हिरडा आपल्या सह्याद्रीत विपुल, आणि हिराकस रंगाऱ्यांच्या घरी नित्य वापरातले. त्यामुळे ही कृती आपल्या लोकांस ठाऊक होती. परंतु तिचे साम्राज्य होते युरोपात. तेथील सनदा, करारनामे आणि चर्चच्या नोंदी शतकानुशतके याच शाईने लिहिल्या गेल्या. कारण उघड आहे. ही शाई कागदाच्या तंतूंत मुरते आणि तेथेच काळी होते, म्हणून पाण्याने धुतली जात नाही. जेथे दस्तऐवजात खाडाखोड होण्याची भीती, तेथे तिला मान. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांबरोबर ती आपल्याकडेही आली, आणि बोरूच्या जागी टाक आला.

शाईच्या परीक्षेचा इतिहासही याच लोहापासून सुरू होतो. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात एक युक्ती नोंदवून ठेवली आहे. जंगालात, म्हणजे तांब्याच्या हिरव्या क्षारात, हिराकसाची भेसळ आहे काय हे पाहण्यासाठी मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस वापरावा. भेसळ असल्यास तो तत्काळ काळा पडतो. रसायनशास्त्रातील परीक्षापत्राचे हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक होय. वास्तविक त्या पपायरसवर क्षणभर शाईच तयार होत असे.

सरकारने शाईची परीक्षा घ्यावी ही कल्पना मात्र आधुनिक आहे. एकोणिसाव्या शतकात शाईचे कारखाने निघाले, स्वस्त रंग बाजारात आले आणि दप्तरखान्यांतून तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा १८८८ साली प्रशियाच्या सरकारने कचेऱ्यांतील शाईसाठी नियम केले. महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या शाईत दर लिटरला निदान ४ ग्रॅम लोह असावे, आणि लिहिलेले अक्षर आठ दिवस वाळल्यावर पाण्याने व मद्यार्काने धुतले तरी गडद राहावे, असा त्यांचा आशय होता. १८९० साली श्लुटिग आणि नॉयमान या दोघा रसायनज्ञांनी तुलनेची एक सोपी रीत सांगितली. कागद चौकटीवर ताणून ४५ अंशांच्या कोनात उभा करावयाचा आणि निरनिराळ्या शायांचे सारखे थेंब त्यावरून ओघळू द्यावयाचे. शेजारी शेजारी पडलेल्या पट्ट्या कोणती शाई किती वाहते, किती पसरते आणि किती काळी होते हे सांगून जातात. तुलनेसाठी त्यांनी एक आदर्श शाईही ठरवून दिली. तिच्या लिटरमध्ये हिराकसच ३० ग्रॅम होते.

या शास्त्रीय कसोट्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असे, ती म्हणजे चांगला कागद. दरम्यान कागदच बदलला होता. १८०७ साली जर्मनीत इलिग याने खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी झाला. लोहाची शाई मूळचीच आम्ल. दोन आम्ले एकत्र आल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. अक्षरांच्या जागी भोके पडू लागली. १८९८ साली व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्त्स एर्ले यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे हस्तलिखितांच्या रक्षणासाठी परिषद भरली, तिच्यापुढील चिंतेत या जळक्या शाईचा मोठा वाटा होता. कायमपणासाठी निवडलेली शाईच कागदाचा कायमपणा हिरावून घेत होती.

आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला हे दुखणे चांगलेच परिचित आहे. १८९१ साली कलकत्त्यास स्थापन झालेले हे इंपीरियल रेकॉर्ड खाते १९२६ साली दिल्लीतील आजच्या जनपथावरील इमारतीत आले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे बंगाली इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन त्याचे प्रमुख होते. जीर्ण कागदाच्या दोन्ही बाजूंस सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि झिरझिरीत कागद ठेवून ॲसिटोनच्या बोळ्याने ते चिकटविण्याची हातरीत याच संस्थेत सिद्ध झाली. यंत्र नको, वीज नको, असा तो गरीब देशाला परवडणारा उपाय होता आणि जगात तो 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखला गेला.

फाउंटन पेन आले आणि कसोट्यांचा क्रमच पालटला. वॉटरमनचे पेटंट १८८४चे. टाकाला गाळ चालतो. पेनाच्या बारीक नळीला चालत नाही. म्हणून शाई पातळ हवी, लवकर वाळणारी हवी, धातूला न खाणारी हवी. लोहाचे प्रमाण उतरले आणि निळ्या, जांभळ्या रंगांचे वाढले. पूर्वी 'किती वर्षे टिकेल' हा पहिला प्रश्न असे. आता 'अडकल्यावाचून चालेल काय' हा पहिला झाला.

याच काळात स्वदेशीची लाट उसळली. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करण्यास आरंभ केला. घोडा छापाच्या या वड्या पाण्यात विरघळवून दौती भरल्या जात. पुढे फाउंटन पेनासाठी त्यांची उंट छापाची 'कॅमल' शाई निघाली आणि त्यातूनच 'कॅम्लिन' हे घरोघरचे नाव झाले. बंगालमध्ये राजशाही येथे १९३४ साली ननीगोपाल आणि शंकराचार्य मैत्र या बंधूंनी 'सुलेखा' शाईचा उद्योग उभारला. तिच्या मुळाशी खादी प्रतिष्ठानचे रसायनज्ञ सतीशचंद्र दासगुप्त यांची कृती होती. या उद्योजकांपुढील परीक्षा प्रशियाच्या परीक्षेहून अवघड होती, असे मला वाटते. प्रयोगशाळेतील निवडक कागदावर उत्तीर्ण होऊन त्यांचे भागणारे नव्हते. शाळकरी पोराची खरबरीत वही, पोस्टाचे कार्ड, वाण्याची कीर्द आणि कचेरीचा फुलस्केप या सर्वांवर त्यांची शाई चालावी लागे, आणि तीही विलायती बाटलीशेजारी ठेवून पाहिली जाई.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, दिल्लीत भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचे पहिले मानक १९५१ साली राष्ट्रध्वजाचे निघाले, आणि २२० क्रमांकाचे मानक आहे फाउंटन पेनाच्या लोहयुक्त शाईचे. तीत लोहाचे प्रमाण ०.१ टक्का ठरविलेले आहे. प्रशियाचे ४ ग्रॅम म्हणजे सुमारे ०.४ टक्के. टाकाकडून पेनाकडे येताना शाईतील लोह एकचतुर्थांश कसे झाले, हे या दोन आकड्यांतच दिसते. केवळ रंगांपासून केलेल्या शायांसाठी १२२१ क्रमांकाचे वेगळे मानक आहे. एकच शाई सर्व कामांस पुरणार नाही, हे त्या दोन क्रमांकांनी मान्य केले.

गेल्या हिवाळ्यात नई सडक आणि चावडी बाजारातून आणलेल्या साध्या कागदांवर मी प्रशियाची आठ दिवसांची कसोटी घरीच लावून पाहिली. कचेरीतील हिरवट नोटशीट, झेरॉक्सचा कागद, मुलाची वही आणि एक हातकागद, असे चार कागद. रंगाची निळी शाई, लोहयुक्त निळी-काळी आणि पेनात चालणारी काजळी शाई, अशा तीन शाया. वहीवर निळी शाई सर्वांत अधिक फुटली आणि पाठीमागे उतरली. लोहाची रेघ त्यामानाने आवळ राहिली. आठ दिवसांनी पाण्यात बुडविल्यावर निळीचा केवळ डाग उरला. लोहाच्या शाईतील निळा रंग वाहून गेला, पण करडी-काळी रेघ स्पष्ट वाचता आली. काजळी जशीच्या तशी होती. हातकागदाला खळ बेताचीच असावी. त्यावर तिन्ही शाया पसरल्या. बाटलीवर 'निळी-काळी' असे छापलेल्या पुष्कळ शायांत आता लोह नसते, हेही लक्षात ठेवावे. जुने नाव राहिले, गुण गेला.

अर्थात शाईची कसोटी ती कशासाठी आहे यावर ठरते. दिल्लीच्याच राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिद्ध झालेली आणि म्हैसूरला तयार होणारी निवडणुकीची शाई १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटांवर लागत आली आहे. ती काही आठवडे टिकली की तिचे कार्य संपले. कागदावरच्या शाईचे तसे नाही. तिचे आयुष्य किती असावे, हे लिहिणाऱ्याला आधी ठरवावे लागते, आणि तेथेच आपली अडचण आहे.

केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत शाईच्या रंगाचा नियम आहे. टिप्पणी आणि मसुदा निळ्या किंवा काळ्या शाईने लिहावा. हिरवी किंवा तांबडी शाई सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित वापरावी. रंगावरून अधिकार कळतो, टिकाऊपणा मात्र कळत नाही. फाईल बंद करताना तिच्यावर वर्ग घातला जातो. पहिल्या वर्गातील फाईल कायम जतन करून तिची प्रतही काढावयाची, दुसऱ्यातील नुसती जतन करावयाची, तिसऱ्यातील ठराविक मुदतीपर्यंत, फार तर दहा वर्षे ठेवावयाची. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने या जतनाला कायद्याचे बळही दिले. परंतु वर्ग ठरतो शेवटच्या दिवशी. शाई आणि कागद ठरलेले असतात पहिल्या दिवशी, आणि तेही भांडारातून जे मिळेल त्यावरून. कायम ठेवण्याच्या फाईलवर एखादी महत्त्वाची टिप्पणी धुऊन जाणाऱ्या शाईने लिहिलेली असू शकते, आणि दहा वर्षांनी रद्दीत जाणाऱ्या फाईलवर काजळासारखी अक्षरे विराजमान असू शकतात.

आता अनेक मंत्रालयांतील टिप्पण्या ई-ऑफिसच्या पडद्यावर लिहिल्या जातात आणि दौत, टाक, टीपकागद ही नावे मुलांना समजावून सांगावी लागतात. तथापि गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या हस्तलिखित फाईली दप्तरखान्यांत आहेतच. त्यांपैकी कोणत्या निळ्या रंगाने लिहिल्या, कोणत्या लोहाने, कोणत्या बॉलपेनने, याची पाहणी कागद हाती आहे तोवरच व्हावयास हवी. तिचे साधनही फार सोपे आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९५च्या सुमारास एक परीक्षापत्र काढले. ओले करून शाईच्या रेघेवर दाबले असता कागद खाणारे लोह शिल्लक असेल तर ते तांबूस होते. प्लिनीच्या पपायरसचीच ही दूरची नात म्हणावयाची. ज्या फाईलीत लोह सापडेल तिचा कागद आम्लापासून वाचवावा लागेल. ज्या फाईलीत नुसता रंग असेल ती उन्हापासून आणि पाण्यापासून दूर ठेवून तिची प्रत आधी काढावी लागेल. हिंगण्यांच्या कारकुनांना आपल्या पत्रांचा वर्ग कोणी विचारला नव्हता. ते सगळ्याच पत्रांना एकच काजळ वापरीत, म्हणून कोणते पत्र पुढे महत्त्वाचे ठरेल हे त्यांना ठाऊक असण्याची गरज पडली नाही.