वायुवाहिनीवरील वितळजोडकारांची पात्रता
खालापूर तालुक्यातील खोपोलीस पोलादी दाबनळ परिचित आहेत, ते १९१५ च्या टाटा जलविद्युत् केंद्रामुळे. कर्जत-खालापूरसह रायगड जिल्ह्यातील नैसर्गिक वायुवितरणाचा अधिकार महानगर गॅस कंपनीस २०१५ मध्ये मिळाला. पाण्याची गळती दिसते, वायूची दिसत नाही. म्हणून पुरावयाच्या नळाचे सांधे जोडणाऱ्या वितळजोडकाराची (वेल्डरची) परीक्षा कामापूर्वीच घेतात. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचे ११०४ क्रमांकाचे मानक १९५३ मध्ये निघाले व पुढे अनेक देशांत रूढ झाले. भारतात नियामक मंडळाच्या २००८ च्या विनियमांनी शहरी वायुवितरणात अशी पात्रता आवश्यक ठरविली. परीक्षार्थीने केलेल्या सांध्याचे तुकडे ताणून, वाकवून व खाच पाडून तोडून पाहतात. नळाचा व्यास, जाडी वा जोडपद्धती ठरीव मर्यादेपलीकडे बदलल्यास, कारागीर कितीही अनुभवी असला तरी, त्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते.