पत्ता आणि गुत्ता

आमच्या घराण्यात दारूच्या दुकानाची पायरी चढलेला पहिला इसम मीच. आजोबांचा सोमरसाशी संबंध फक्त संस्कृतातून आला आणि वडिलांचं सगळं तारुण्य मोरारजींच्या दारूबंदीत गेलं. ही उणीव मी एकसष्टाव्या वर्षी, लंडनमध्ये भरून काढली. तीही संत्र्याचा रस पिऊन!

दोष भाच्याचा. "मामा, तुम्हाला इतिहासाची आवड ना? मग राजवाडे कसले बघत बसता? पब बघा," असं म्हणून त्याने मला सोहो भागात, डीन स्ट्रीटवरच्या ४९ नंबरच्या दारात नेऊन उभं केलं. पाटी होती 'द फ्रेंच हाउस'. जागा म्हणाल तर आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली तर होईल तेवढी. भिंतींवर जुने फोटो दाटीवाटीने टांगलेले. गाणं नाही, टीव्ही नाही. सुखरूप पोचल्याचं बहिणीला कळवावं म्हणून मी मोबाइल काढला, तर शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला सोवळ्यात शिवलो. इथे मोबाइल वर्ज्य. मग माणसाने करायचं काय? बोलायचं! म्हातारा बोलू लागला.

इथे एक खुलासा केला पाहिजे. 'लँडलॉर्ड' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पागडी मागणारा आणि गळकं छत न दुरुस्त करणारा घरमालक येतो. विलायतेत पब चालवणारालाही लँडलॉर्डच म्हणतात. तो गिऱ्हाइकाच्या बायकोची चौकशी करतो, उधारी लक्षात ठेवतो आणि चढलेल्याला बाहेर काढतो. इमारत त्याची असलीच पाहिजे असं मुळीच नाही.

तर म्हाताऱ्याने सांगितलेला इतिहास असा. हा पब १८९१ साली श्मिट नावाच्या एका जर्मनाने काढला. नाव ठेवलं 'यॉर्क मिन्स्टर', म्हणजे उत्तरेकडच्या यॉर्क शहरातलं ते प्रख्यात कॅथीड्रल. गुत्त्याला देवळाचं नाव! (आपल्याकडे 'साईकृपा परमिट रूम' असते, तेव्हा आपण गप्प बसावं हे बरं.) १९१४ साली महायुद्ध पेटलं, जर्मन माणूस रातोरात शत्रू ठरला, सरकारने श्मिटला हद्दपार केलं आणि व्हिक्टर बर्लमाँ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पब घेतला. १९१४ सालीच जन्मलेला त्याचा मुलगा गॅस्तों पुढे गल्ल्यावर बसला आणि १९८९ पर्यंत उठला नाही.

हा गॅस्तों मोठा अजब माणूस. झुबकेदार मिशा, बायकांच्या हाताचं चुंबन घेऊन स्वागत आणि भांडखोर गिऱ्हाईक दिसलं की अत्यंत अदबीने, "आपल्यापैकी एकाला जावं लागणार, आणि तो मी नव्हे," असं सांगायची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडलं तेव्हा लंडनला आलेले द गॉलचे सैनिक इथे जमत. खुद्द द गॉलने आपल्या देशबांधवांना केलेलं आवाहन इथेच बसून लिहिलं, असंही सांगतात. आता एवढा मोठा सेनापती कागद पसरायला हीच जागा शोधेल का, हा प्रश्न मी गिळला. लोक मात्र तेव्हापासून या पबला 'द फ्रेंच' म्हणू लागले. म्हणजे बघा, काढला जर्मनाने, चालवला बेल्जियनाने, पाटी यॉर्कच्या देवळाची आणि नाव फ्रान्सचं!

याचा व्हायचा तो परिणाम झालाच. जुलै १९८४ मध्ये यॉर्कचं खरं कॅथीड्रल आगीत सापडलं आणि जीर्णोद्धारासाठी भाविकांच्या देणग्या डीन स्ट्रीटवरच्या पबात येऊन पडू लागल्या. गॅस्तोंने त्या इमानाने तिकडे पाठवल्या. तेव्हा उलगडा झाला, की त्याने मागवलेली बोर्दोची तांबडी वाइन अधूनमधून कॅथीड्रलला पोचत होती. तिथल्या मंडळींनी ती परत पाठवली की तीर्थ म्हणून घेतली, ते म्हाताऱ्याने सांगितलं नाही. या गोंधळानंतर पाटीच बदलली आणि 'द फ्रेंच हाउस' झालं.

बिअर इथे अर्ध्या पाइंटाच्याच ग्लासात मिळते, म्हणजे २८४ मिलिलिटर. पुरा पाइंट फक्त एक एप्रिलला. मला हा हिशेब आवडला. आमच्या कटिंग चहाशी नातं सांगणारा आहे.

रात्री घरी येऊन भाच्याने शोधाशोध केली आणि म्हाताऱ्याच्या इतिहासाची वीटच निखळली. ख्रिश्चन श्मिट १९११ सालीच वारला होता. तीन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला हद्दपार करणं ब्रिटिश साम्राज्यालासुद्धा जमलं नसतं! मग मधली तीन वर्षं गल्ल्यावर कोण होतं? त्याची बायको, बर्था मार्गारेटा श्मिट. परक्या देशात, नवऱ्यामागे, दारुड्यांना आवरत या बाईने पब चालवला आणि १९१४ साली बर्लमाँला विकला. गोष्टीत मात्र तिला जागा नाही. तिच्या मेलेल्या नवऱ्याला तिच्या वाटणीची तीन वर्षं देऊन, वर युद्धाचा शत्रूही करून टाकलं.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हातारा त्याच कोपऱ्यात. बर्थाबद्दल सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, १९८९ नंतर पब लेस्ली लुईस आणि नोएल बॉथम या जोडप्याने घेतला, बॉथम २०१२ साली गेला आणि त्यानंतर लेस्लीबाईंनीच तो चालवला, हे त्याने स्वतः पाहिलेलं आहे.

"मग बर्थाचीही गोष्ट सांगा की लोकांना," मी म्हटलं.

"सांगेन," म्हातारा म्हणाला. "पण हद्दपारी सांगितली की ऐकणारा खूश होऊन अर्धा पाइंट पाजतो. विधवेच्या गोष्टीवर कोण पाजणार?"

आमच्या घराण्यात दारू विकत घेणारा पहिला इसमही मीच.