नवापूर, २००६ : एका बातमीचे वाचन

साथींचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. साथीच्या बातमीचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. या दृष्टीने आम्हांला नंदुरबार जिल्ह्यातील एक प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे वाटते.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांतील मृत कोंबड्यांत एच५एन१ विषाणू सापडल्याचे सरकारने जाहीर केले. भारतात या विषाणूची ही पहिलीच नोंद होती. निदान भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने केले होते. पाठोपाठ बाधित केंद्रांच्या परिसरातील लक्षावधी कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्याच तालुक्यातील चिंचपाडा हे नवापूरच्याच लोहमार्गावरील गाव. तेथे ही वार्ता पोचण्यासाठी वर्तमानपत्राची वाट पाहावी लागली नसेल. या भागातील आदिवासी घरांत परसातली कोंबडी ही अडीअडचणीची पुंजी असते. ती आठवड्याच्या बाजारात विकली जाते, पाहुण्यासाठी शिजते आणि देवालाही वाहिली जाते. त्यामुळे बातमी खरी की खोटी, हा येथे नुसत्या कुतूहलाचा प्रश्न नव्हता.

कोंबडीपालन व्यावसायिकांचे म्हणणे असे, की ही मर बर्ड फ्लूची नसून ‘राणीखेत’ची आहे. कुमाऊँतील राणीखेत गावावरून नाव पडलेला हा रोग आपल्याकडे जुनाच. व्यावसायिकांचा स्वार्थ उघड होता, म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेणे सोपे होते. परंतु स्वार्थ असणारा माणूस चुकतोच असे नाही. दोन्ही रोगांत कोंबड्या झपाट्याने मरतात आणि बाह्य लक्षणेही बरीच सारखी असतात. नुसत्या डोळ्यांनी निवाडा होण्यासारखा नव्हता. म्हणूनच नमुने प्रयोगशाळेत धाडावे लागले. व्यावसायिकांची शंका रास्त होती. मात्र तपासणीचे उत्तर आल्यानंतरही तिला चिकटून राहणे रास्त नव्हते. हा भेद त्या काळच्या वादंगात फारसा कोणी केला नाही.

माणसांविषयीच्या बातम्यांत ‘संशयित’ या शब्दाने मोठा गोंधळ माजवला. ताप आलेल्या काही जणांना रुग्णालयात वेगळे ठेवण्यात आले आणि त्यांचे नमुने तपासणीस गेले. संशयितांचे आकडे ठळक अक्षरांत छापून आले. तपासणीअंती त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. हा निष्कर्ष मात्र तितक्या ठळकपणे वाचकांपर्यंत पोचला नाही. दूरदूरच्या शहरांत कोंबडीचे भाव कोसळले होते, रेल्वेच्या जेवणातूनही ती वगळली गेली होती. उलट बाजूने, भीती घालवण्यासाठी पुढाऱ्यांनी छायाचित्रकारांसमोर कोंबडी खाऊन दाखवली. या प्रयोगाने काय सिद्ध झाले? सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत सर्व भाग शिजला की हा विषाणू नष्ट होतो, हे खरे कारण. ते सांगायला एक वाक्य पुरले असते. पण कारणाऐवजी कृतीचे प्रदर्शन झाले आणि लोकांना विचार करण्याची संधी देण्याऐवजी केवळ धीर देण्यात आला.

पुढची हकिगतही ध्यानात घ्यावी लागते. हाँगकाँगमध्ये १९९७ साली याच विषाणूने अठरा जणांना ग्रासले होते आणि त्यांपैकी सहा जण दगावले होते. भारतात त्याने पहिला मानवी बळी घेतल्याची नोंद २०२१ साली झाली. त्याच वर्षी नवापूरलाही कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू परतला. २०२४ साली तर अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच५एन१ आढळला. म्हणजे ‘नवापुरात माणसांना लागण आढळली नाही’ हे विधान सत्य होते. पण त्यावरून ‘माणसांना तो होतच नाही’ असा अर्थ काढणे चूक ठरले असते.

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. विधान कोणाचे, कशाच्या आधारावर, आणि त्याची व्याप्ती किती, हे प्रश्न आपण कोणत्याही संहितेला विचारतोच. वर्तमानपत्रातील विज्ञानाच्या चार ओळींना ते विचारण्याचे मात्र आपण टाळतो; तो विषय आपला नव्हे, असे म्हणून मोकळे होतो. आमच्या मते तो आपलाच आहे. ‘संशयित’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांमधले अंतर सांभाळणे हे भाषेचेच काम आहे. आणि ते न सांभाळल्याची किंमत पहिल्यांदा मोजतो तो परसात चार कोंबड्या बाळगणारा माणूस.