दम, पंच आणि संताप

ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी गावांत मैदान म्हटले की आजही फक्कीने आखलेले कबड्डीचे मैदान प्रथम डोळ्यांसमोर येते. आणि खेळाडूच्या संतापाला आवर घालण्याची रीत महाराष्ट्रात कशी घडली हे पाहायचे, तर टेनिसच्या कोर्टापेक्षा याच मातीत अधिक सामग्री सापडते. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या मधे जाळे असल्यामुळे राग बहुधा रॅकेटवर किंवा पंचांवर निघतो. हुतूतूत, म्हणजे कबड्डीच्या जुन्या मराठी रूपात, अंगाला अंग भिडते आणि वादाची मुख्य कारणे नजरेला नीट न दिसणारी असतात: चढाई करणाऱ्याचा दम, म्हणजे एका श्वासात अखंड चालवलेला उच्चार, तुटला की नाही, आणि बोटाचा निसटता स्पर्श झाला की नाही. पंचांविना चालणाऱ्या खेळात स्पर्शाचे खरे उत्तर पुष्कळदा ज्याला तो झाला त्यालाच ठाऊक असे, म्हणून बाद झालेल्याने न भांडता बाहेर पडणे हीच खिलाडूवृत्तीची पहिली कसोटी होती.

ही कसोटी हुतूतूच्या सर्व प्रकारांत सारखीच कठीण नव्हती. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा खेळात येई. अमर प्रकारात तो मैदान सोडतच नसे, केवळ गुण मोजला जाई. गामिनीत मात्र संघातील सारे गडी बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागे. चुकीच्या निर्णयाची किंमत गामिनीत सर्वांत जबर, तेव्हा तंटेही तेथेच अधिक पेटत असावेत, असा तर्क करता येतो. आजच्या नियमांनी बाद गडी परत आणण्याची संजीवनीची पद्धत स्वीकारली. तिने खेळ वेगवान केला हे खरे, पण रागाची धारही बोथट केली.

बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम छापून स्पर्धा भरवली, 1934 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक बांधेसूद रूप दिले आणि 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक केले. छापील नियमांबरोबर निर्णयाचा अधिकार गड्यांकडून पंचांकडे गेला, आणि स्वाभाविकच रागाचा रोखही तिकडे वळला.

योगायोग असा की 1990 च्या जानेवारीत टेनिसपटू जॉन मॅकेन्रो यांना ऑस्ट्रेलियन ओपनमधून गैरवर्तनासाठी बाद करण्यात आले आणि त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. टेनिसमधील शिक्षेची उतरंड त्याच वर्षी चार पायऱ्यांवरून तीनवर आली होती: ताकीद, गुणाचा दंड आणि थेट सामना गमावणे, गेमच्या दंडाची मधली पायरी गळल्याचे मॅकेन्रो यांच्या ध्यानातच नव्हते. आजच्या कबड्डीत हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवते आणि लाल सामन्यातूनच घालवते. फरक इतकाच की एकेरीतील टेनिसपटू स्वतःच्या तोंडाळपणाची किंमत एकटा मोजतो, तर पिवळे कार्ड मिळालेल्या गड्याची ती दोन मिनिटे त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन काढावी लागतात.