परसातली केळ : एक बिनकागदी इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. आम्हा पेडणे महालातल्या मंडळींना १७८८ हे साल शाळेतच पाठ होते. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते त्या वर्षी. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. या सगळ्या ‘नव्या काबिजादी’. बारदेस, तिसवाडी आणि साष्टी या जुन्या. हा इतिहास कागदावर आहे, दप्तरात आहे, आणि मी तो जवळजवळ तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. परंतु आपल्या परसात, न्हाणीचे पाणी जिथे वाहत जाते तिथेही एक इतिहास उभा आहे आणि त्याला दप्तर नाही. त्याविषयी या दिवाळीत थोडे सांगावे असे वाटते.

पणजीच्या चर्चसमोरची नगरपालिकेची बाग ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधी वनस्पतींविषयी संवादरूपाने लिहिले आहे. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असे ठरवून इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला. त्यात सुपारीबरोबर एका प्रकरणात ‘हिंदुस्थानातले अंजीर’ आले आहेत. हे अंजीर म्हणजे आपली केळी! पोर्तुगीज तेव्हा केळ्याला ‘फिगो’ म्हणजे अंजीर म्हणत, आणि गिनीच्या किनाऱ्यावर याच फळाला ‘बनाना’ म्हणतात अशी नोंद ऑर्ता करतो. आज सगळे जग वापरते तो शब्द युरोपीय लेखनात आला, त्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती गोव्यात छापली गेली.

त्याहून मोलाची मला त्याची दुसरी नोंद वाटते. गोव्याचे लोक, दख्खनी, गुजराती आणि बंगाली या फळाला एकाच नावाने हाक मारतात असे तो लिहितो, आणि पोर्तुगीज लिपीत ते नाव देतो : ‘केल्ली’. आपल्या या भागात कोकणी की मराठी यावर किती शाई आणि किती घसा खर्च झाला हे वाचकांना सांगायला नको. साडेचारशे वर्षांपूर्वी एका परक्या वैद्याच्या कानाला मात्र दोन्हींकडचे केळे एकच ऐकू आले होते.

आता जातींची नावे पाहू. वेलची, रसबाळी, सालदाटी, सावरबोनी, मिंडोळी, राजेळी. ‘रसबाळी’तला ‘बाळे’ हा केळीला असलेला कानडी शब्द. म्हैसूरकडे नंजनगूडची रसबाळे प्रसिद्धच आहे. म्हणजे हे नाव घाट उतरून आले. वेलचीला कानडीत ‘एलक्की बाळे’ म्हणतात, आणि एलक्की म्हणजे वेलचीच. सालदाटीची साल दाट, हे नावातच आले. मिंडोळी ही बारदेसातल्या मयडे गावची. म्हापशाच्या बाजारात ‘मयड्याची केळी’ म्हणून मोठ्या फळांचे घड दिसतात ते हिचे. तिचा हलवा ख्रिस्ती घरांत ‘फिगाड’ म्हणून होतो. ऑर्ताच्या वेळचा ‘फिगो’ असा आजही ताटात आहे. राजेळी आपल्याकडे उकडून, तळून खातात. वसईला तिचीच सुकेळी करतात, आणि वसईही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. कानडी, मराठी, कोकणी, पोर्तुगीज अशा चार भाषा एका परसात सुखाने नांदतात.

परंतु नावापेक्षा मोठी गोष्ट झाडात आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी चवई, म्हणजे रानकेळ, आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या फळात काळ्या टणक बिया असतात. तिला मुनवे फुटत नाहीत. बी पडते, रुजते, आणि तिला माणसाची गरज लागत नाही. परसातल्या केळीचे नेमके उलटे आहे. तिच्या फळात रुजणारे बी नाही. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आपण खातो त्या बहुतेक सगळ्या केळी दोन रानटी जातींपासून आल्या आहेत. काही एकीच्याच वंशातल्या, काही दोघींच्या संकरातल्या. पूर्वेकडच्या न्यू गिनी बेटावर सुमारे सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. माणसाने बिनबियांची झाडे निवडली आणि मुनवे काढून लावीत नेली. आपली वेलची म्हणजे कोण्या एका जुन्या वेलचीचाच तुकडा आहे. मधे एकाही पिढीत हात थांबला असता तर ती आपल्यापर्यंत आली नसती.

आमच्या परसातली राजेळी आजीने माहेराहून, बांद्याहून आणली असे घरात सांगतात. बांदा तेव्हा सावंतवाडी संस्थानात आणि आमचे गाव पोर्तुगीज राज्यात. पुढे मुक्तिलढ्याच्या वर्षांत सरहद्दीवर बंदुका आल्या, १९६१ साली त्या गेल्या, आणि पेडणे गोव्यात व बांदा महाराष्ट्रात राहिले. राजेळी मात्र दोन्हीकडे एकच आहे. चतुर्थीला तिकडे माटवी बांधतात, इकडे माटोळी, आणि दोन्हींना केळीचा घड लागतोच.

एका परसात अनेक जाती ठेवण्याची रीत आजीच्या पिढीने घालून दिली. मुनवा निवडायचा तो तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा. रुंद पानांचा दिसायला गोंडस, पण कंद अशक्त. दोन झाडांत सहा-सात फूट अंतर ठेवावे. प्रत्येक बेटात एक आई, एक मुलगी आणि एक नात एवढीच ठेवावी, बाकीची पिल्ले काढून शेजाऱ्याला द्यावीत. हे ‘द्यावीत’ फार महत्त्वाचे आहे. कारण केळीवर पर्णगुच्छ रोग येतो, मावा तो पसरवतो, आणि लागलेले झाड समूळ काढण्यावाचून उपाय नसतो. आपले बेट गेले तरी शेजाऱ्याकडे वाण शिल्लक असते. बँकेत ठेव ठेवावी तशी ही ठेव शेजारी ठेवलेली असे. मात्र निरोगी बेटातलेच पिल्लू द्यावे, नाहीतर ठेवीबरोबर रोगही जातो.

एकाच जातीवर भिस्त ठेवली तर काय होते हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचे केळे राज्य करीत होते. मर रोगाने त्याचे मळे उजाड केले आणि १९६०च्या सुमारास त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आज जळगावकडून आणि घाटावरून येणारे जी-९ केळे याच गटातले. त्या मर रोगाचा नवा अवतार आता कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार व उत्तर प्रदेशातही आढळला आहे. जी-९ वाईट आहे असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याचा संसार त्यावर चालतो. पण सगळ्या परसांत तेच लागले तर आपल्या हाती दुसरे काही उरणार नाही.

आणि ती वेळ दूर नाही. डिचोलीत खाणींनी झरे आटवले आणि गाळ भाटांत आणला. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, जमिनीचे भाव वाढले, आणि परसाची जागा भाड्याच्या खोल्यांनी घेतली. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती केळीची बने तुडवीत आहेत. उरलेल्या ठिकाणी वानरांचा त्रास, आणि मुले नोकरीसाठी परगावी. मिंडोळीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट. परंतु मानांकनाचा कागद मुनवा लावीत नाही. आणि सावरबोनीला तर तोही कागद नाही.

म्हणून आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मी इतिहासाचा एक स्वाध्याय देतो : घरच्या केळीचे नाव काय, ती कोणी, कुठून आणली, आणि गावात आणखी कोणाकडे आहे हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, चालेल. वह्या परत आल्या की लक्षात येते की निम्म्या घरांत उत्तर देणारे माणूस एकच उरले आहे. आपल्याही घरी असे माणूस असेल तर या दिवाळीतच विचारून घ्यावे. आणि पुढच्या मृगाआधी त्यांच्याकडून एक मुनवा मागून घ्यावा. जागा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला द्यावा.